वेगाचे मोल

८ फेब्रुवारी २०२६. इटलीतील डोलोमाइट पर्वतराजीच्या कुशीत वसलेले कोर्टिना द'आम्पेझो हे गाव. हिवाळी ऑलिम्पिकमधील महिलांच्या डाउनहिल शर्यतीसाठी अमेरिकेची लिंडसे व्हॉन प्रारंभद्वारात उभी राहिली, तेव्हा तिने वयाची ४१ वर्षे पूर्ण केली होती. उजव्या गुडघ्यात टायटॅनियमचा कृत्रिम भाग होता आणि डाव्या गुडघ्यातील एक महत्त्वाचा अस्थिबंध अवघ्या नऊ दिवसांपूर्वी तुटला होता. शर्यत सुरू होऊन जेमतेम तेरा सेकंद झाले असतील, तोच तिचा उजवा हात मार्गावरील एका गेटमध्ये अडकला, शरीर हवेतच फिरले आणि ती बर्फावर आदळली. हेलिकॉप्टरने तिला तेथून हलवावे लागले. डाव्या पायाचे, नडगीचे हाड मोडले होते.

त्यानंतर जगभर एकच प्रश्न विचारला गेला. या वयात आणि अशा गुडघ्यानिशी तिने उतरायलाच हवे होते का? अनेकांनी तिच्या धाडसाला सलाम केला, तर अनेकांनी त्याला दुराग्रह म्हटले. या प्रश्नाचे उत्तर त्या तेरा सेकंदांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी हा खेळ मुळात काय मागतो आणि या खेळाडूने पंचवीस वर्षांत त्याला काय दिले, हे पाहावे लागेल.

वेगाच्या शर्यती

अल्पाइन स्कीइंगचे प्रमुख प्रकार चार. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या तांत्रिक शर्यती. त्यांत गेट जवळजवळ असतात, वळणे अधिक असतात आणि प्रत्येक स्पर्धकाला दोन फेऱ्या मिळतात. डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यती. त्यांत फेरी एकच. चूक झाली तर ती सुधारण्याची दुसरी संधी नाही. डाउनहिल हा यांतील सर्वांत जुना, सर्वांत लांब आणि सर्वांत वेगवान प्रकार. ऑलिम्पिकमध्ये महिला १९४८ पासून डाउनहिल खेळत आहेत. डाउनहिलचा वेग आणि जायंट स्लॅलमची वळणे यांचा मेळ घालणारी सुपर-जी त्या मानाने नवी. तिचा ऑलिम्पिक प्रवेश १९८८ मध्ये झाला.

महिलांच्या डाउनहिलमध्ये साधारणपणे साडेचारशे ते आठशे मीटरची उंची दीड-पावणेदोन मिनिटांत उतरायची असते. वेग ताशी १२० ते १३० किलोमीटरपर्यंत जातो. ताशी १३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ मीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागात स्पर्धक सुमारे ३६ सेंटीमीटर पुढे सरकलेली असते आणि पदकांचा निवाडा अनेकदा अशाच चार-पाच शतांशांवर होतो. वेग दुप्पट झाला की शरीरातील गतिज ऊर्जा चौपट होते. स्लॅलममध्ये तोल गेला तर खेळाडू बहुधा उठून कपडे झटकते. डाउनहिलमध्ये ती सुरक्षा जाळ्यांपर्यंत फेकली जाते.

डाउनहिलचा मार्ग म्हणजे भुसभुशीत बर्फाचा पांढरा गालिचा नव्हे. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम पाणी मुरवून काचेसारखा टणक केला जातो, कारण बर्फ मऊ राहिला तर आधी उतरलेल्यांच्या स्कींनी त्यात चर पडतात आणि नंतर येणाऱ्यांवर अन्याय होतो. अशा पृष्ठभागावर गुडघे वाकवून, पाठ आडवी ठेवून, हात पुढे घेऊन हवेचा विरोध कमीत कमी करायचा. त्याच वेळी पुढच्या वळणाची रेषा डोळ्यांपुढे ठेवायची. उंचवट्यांवरून शरीर हवेत झेपावते. ही झेप जितकी लांबेल तितका वेळ वाया जातो, म्हणून उंचवटा येण्याआधीच शरीर दाबून घ्यायचे.

डाउनहिलपूर्वी स्पर्धकांना मार्गावर सराव फेऱ्या करता येतात. सुपर-जीमध्ये तीही सोय नाही. सकाळी मार्ग हळूहळू उतरून डोळ्यांनी पाहायचा, मनात साठवायचा आणि मग थेट शर्यत. वेगाच्या शर्यतींत अनुभवाला मोल येते ते यामुळेच. एखाद्या उतारावर कोठे प्रकाश फसवतो, कोणत्या वळणानंतर जमीन पायाखालून निसटते, हे वर्षानुवर्षे उतरूनच कळते. जिम्नॅस्टिक्स किंवा जलतरणात खेळाडू ज्या वयात निवृत्त होतात, त्या वयात डाउनहिलचे खेळाडू अनेकदा परिपक्व होतात. अर्थात शरीराने साथ दिली तर.

टेकडीवरची मुलगी

लिंडसेचा जन्म १८ ऑक्टोबर १९८४ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे झाला. माहेरचे नाव लिंडसे किल्डाउ. मिनेसोटा हा सपाट प्रदेश, तेथे आल्प्ससारखे पर्वत नाहीत. तेथील बक हिल ही जेमतेम शंभरेक मीटर उंचीची टेकडी. पण या टेकडीवर एरिक सेलर नावाचे मूळचे ऑस्ट्रियन प्रशिक्षक मुलांना शिकवत. उतार छोटा असल्याने मुलांना एका संध्याकाळी, विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात, पुन्हा पुन्हा खाली येता येई. स्कीइंगची गोडी घरातूनच लागलेली होती. आजोबा डॉन किल्डाउ यांनी मुलाला स्कीइंग शिकवले आणि त्या मुलाने, म्हणजे अ‍ॅलन किल्डाउ यांनी, आपल्या मुलीला.

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी तिची अमेरिकन डाउनहिलपटू पिकाबो स्ट्रीटशी भेट झाली. स्वाक्षरीसाठी लागलेल्या रांगेतली ती काही क्षणांची भेट, पण ऑलिम्पिकचे स्वप्न तेथे पक्के झाले. पुढे मुलीच्या खेळासाठी हे कुटुंब कोलोरॅडो राज्यातील व्हेल येथे आले. नोव्हेंबर २००० मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने विश्वचषक शर्यतीत पदार्पण केले आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये संयुक्त प्रकारात सहावे स्थान मिळवले.

डिसेंबर २००४ मध्ये कॅनडातील लेक लुईस येथे तिने विश्वचषकातील पहिली डाउनहिल जिंकली. हा उतार पुढे जणू तिच्याच मालकीचा झाला. येथे तिने एकूण १८ विजय मिळवले, तर कोर्टिनाच्या उतारावर १२.

२००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये सरावादरम्यान ती भीषण रीतीने कोसळली. हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेलेली ही २१ वर्षांची मुलगी दोन दिवसांनी प्रारंभरेषेवर परतली आणि आठवी आली. पुढे वीस वर्षे ज्याची पुनरावृत्ती होत राहिली, त्या स्वभावाचे जगाला घडलेले हे पहिले दर्शन होते. पडणे, इस्पितळ, पुन्हा उतार.

शिखर आणि तीन गुण

विश्वचषक म्हणजे एखादी स्पर्धा नव्हे, तर संपूर्ण हिवाळाभर निरनिराळ्या गावी चालणारी शर्यतींची मालिका. विजेत्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० असे करत तिसाव्या क्रमांकापर्यंत गुण दिले जातात. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक प्रकारातील आणि एकूण गुणांतील अव्वल खेळाडूला स्फटिकाचा गोल मिळतो. ऑलिम्पिकचे सुवर्णपदक एका दिवसाचे असते. स्फटिकाचा गोल चार-पाच महिन्यांच्या सातत्याचा असतो. स्कीइंगचे जाणकार म्हणूनच त्याला अधिक मान देतात.

२००७ मध्ये विवाहानंतर व्हॉन हे नाव धारण केलेल्या लिंडसेने २००८, २००९, २०१० आणि २०१२ अशी चार वर्षे एकूण विजेतेपद पटकावले. डाउनहिलचे आठ, सुपर-जीचे पाच आणि संयुक्त प्रकाराचे तीन गोल मिळून तिच्या कपाटात एकूण २० स्फटिक गोल जमा झाले. २००९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे, डाउनहिल आणि सुपर-जी ही दोन्ही सुवर्णपदके तिची होती.

या यशामागे ताकद आणि जोखीम घेण्याची तयारी होती, तशीच साधनांची निवडही होती. लांब स्की सरळ वेगात अधिक स्थिर राहते, पण ती वळवायला अधिक बळ लागते. व्हॉनने डाउनहिलसाठी पुरुषांच्या स्की वापरायला सुरुवात केली आणि त्या पेलून दाखवल्या. पुरुषांबरोबर शर्यत खेळू द्यावी, ही २०१२ मधील तिची विनंती मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाने फेटाळली.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकपूर्वी सरावात तिच्या नडगीला जबर मार बसला. स्कीच्या बुटाचा सारा दाब नेमका तेथेच पडतो, त्यामुळे बूट चढवणेही कठीण झाले. औषधोपचारांबरोबर ऑस्ट्रियातील घरगुती उपाय म्हणून ताज्या चीजचा लेपही लावून झाला. खराब हवामानाने शर्यती पुढे ढकलल्या आणि तिला विश्रांतीचे काही दिवस मिळाले. १७ फेब्रुवारी रोजी व्हिसलरच्या खडबडीत मार्गावर अनेक जणी कोसळत असताना तिने डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकले. हे पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन महिला. सुपर-जीत तिला कांस्यपदक मिळाले.

दुसऱ्याच वर्षी या खेळाने हिशेब चुकता केला. २०११ च्या हंगामात जर्मनीच्या मारिया रिशचे १७२८ गुण झाले आणि व्हॉनचे १७२५. अखेरची शर्यत हवामानामुळे रद्द झाली आणि संपूर्ण हिवाळ्याचा निकाल तीन गुणांच्या फरकाने लागला. त्या पुढच्या हंगामात व्हॉनने १२ विजयांसह १९८० गुण मिळवले. ऑस्ट्रियाच्या हर्मान मायरच्या २००० गुणांच्या तेव्हाच्या विक्रमापासून ती केवळ वीस गुण दूर राहिली. त्याच वर्षी, आपण दीर्घकाळ नैराश्याशी झुंजत आहोत, हेही तिने जाहीरपणे सांगितले. खेळाडूंनी अशा विषयावर उघडपणे बोलण्याचे ते दिवस नव्हते.

गुडघ्याचे गणित

स्कीचा बूट घोट्याला लोखंडासारखा जखडून ठेवतो. त्यामुळे घोटा वाचतो, पण पिळाचा सारा जोर वर, गुडघ्यावर जातो. मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपैकी पुढचा आडवा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटण्यापासून वाचवतो. सुमारे दोन मीटर लांबीची स्की बर्फात अडकली आणि शरीर मात्र पुढेच गेले, की ती स्की एखाद्या तरफेसारखी काम करते आणि हा अस्थिबंध दोरीसारखा तुटतो. तो शिवून पुरत नाही. बहुधा शरीरातील दुसऱ्या स्नायुबंधाचा तुकडा बसवून तो नव्याने घडवावा लागतो आणि पूर्ववत होण्यास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ जातो.

५ फेब्रुवारी २०१३ रोजी ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे जागतिक स्पर्धेची सुपर-जी धुक्यामुळे तासन्‌तास लांबली. एका उंचवट्यावरून झेपावल्यानंतर व्हॉनची स्की मऊ बर्फात रुतली. उजव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले, नडगीच्या हाडाच्या वरच्या भागाला भेग गेली. सोची ऑलिम्पिक वर्षभरावर आले होते. तिने घाईने पुनरागमन केले, तोच गुडघा नोव्हेंबरमध्ये पुन्हा दुखावला आणि २०१४ चे ते ऑलिम्पिक हुकले.

त्यानंतर जे घडले ते वैद्यकशास्त्राइतकेच जिद्दीचे फळ होते. डिसेंबर २०१४ मध्ये ती लेक लुईसला परतली आणि जिंकली. जानेवारी २०१५ मध्ये कोर्टिना येथे लागोपाठ दोन दिवसांत तिने प्रथम ऑस्ट्रियाच्या अ‍ॅनेमेरी मोझर-प्रोलच्या ६२ विजयांची बरोबरी केली आणि मग तो विक्रम मोडला. महिलांचा हा विक्रम ३५ वर्षे अबाधित होता.

पण शरीराचा हिशेब थांबला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये अंडोरा येथे पडून गुडघ्याच्या हाडाला इजा झाली, तरी दुसऱ्या दिवशी ती शर्यतीत उतरली आणि मग हंगामच सोडावा लागला. नोव्हेंबरमध्ये सरावात उजव्या दंडाचे हाड मोडले, मज्जातंतूला धक्का बसला. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, जर्मनीतील गार्मिश येथे ती पुन्हा डाउनहिल जिंकत होती.

याच गार्मिशच्या उतारावर २९ जानेवारी १९९४ रोजी ऑस्ट्रियाची उल्रिके मायर डाउनहिल शर्यतीत कोसळून मृत्युमुखी पडली होती. सुपर-जीची दोन वेळची जगज्जेती आणि एका लहान मुलीची आई. वेगाच्या शर्यतींत उतरणारी प्रत्येक स्पर्धक ही शक्यता जाणूनच प्रारंभरेषेवर उभी राहते. सुरक्षा जाळ्या, शिरस्त्राणे आणि आता पोशाखाखालील हवेच्या पिशव्या यांनी धोका घटला आहे. तो संपलेला नाही आणि संपणारही नाही.

निवृत्ती, आणि पुन्हा उतार

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये तिला डाउनहिलचे कांस्यपदक मिळाले. ज्यांच्यामुळे किल्डाउ घराण्यात स्कीइंग आले, ते आजोबा काही महिन्यांपूर्वीच निवर्तले होते. तरुणपणी कोरियन युद्धात सैनिक म्हणून ते याच देशात होते. नातीने ती शर्यत त्यांच्या स्मृतीला वाहिली.

पुरुष आणि महिला मिळून सर्वाधिक विजयांचा विक्रम तेव्हा स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कच्या नावावर होता, ८६ विजय. तो मोडण्याची तिची इच्छा होती. पण ८२ विजयांवर गुडघ्यांनी नकार दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वीडनमधील ओरे येथील जागतिक स्पर्धेत, सुपर-जीत कोसळल्यानंतर पाचच दिवसांनी, तिने अखेरच्या डाउनहिलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि निवृत्ती घेतली. शर्यत संपल्यावर पायथ्याशी पुष्पगुच्छ घेऊन स्टेनमार्क स्वतः उभे होते.

पुढे २०२३ मध्ये तिची देशभगिनी मिकाएला शिफरिन हिने प्रथम व्हॉनला आणि मग स्टेनमार्कना मागे टाकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिफरिनचे शतकही पूर्ण झाले. या दोघींची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवायला हवा. शिफरिनच्या विजयांचा मोठा भाग स्लॅलममधला आहे, तर व्हॉनच्या पहिल्या ८२ विजयांपैकी ४३ डाउनहिलमधले आणि २८ सुपर-जीतले होते. कौशल्यात दोघी तुल्यबळ मानल्या, तरी शरीराने मोजलेली किंमत सारखी नाही.

निवृत्तीनंतरही उजवा गुडघा दुखत राहिला, तो पूर्ण सरळही होईना. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा झिजलेला भाग काढून तेथे कृत्रिम सांधा बसवण्यात आला. अशी शस्त्रक्रिया लोक एरवी वेदनारहित चालता यावे म्हणून करतात. व्हॉनला वेदना थांबल्यावर जुना उतार आठवला. डिसेंबर २०२४ मध्ये ती विश्वचषकात परतली, तेव्हा अनेक माजी खेळाडूंनी उघड नापसंती व्यक्त केली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे ती सुपर-जीत दुसरी आली. नॉर्वेचा माजी विजेता अक्सेल लुंड स्विंडाल तिच्या प्रशिक्षक चमूत दाखल झाला. १२ डिसेंबर २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे तिने डाउनहिल जिंकली, तीही जवळजवळ एका सेकंदाच्या फरकाने. विश्वचषकाच्या इतिहासात, पुरुष धरूनही, इतक्या वयात कोणी जिंकलेले नव्हते. जानेवारीत ऑस्ट्रियातील झाउखेनझे येथे ८४ वा विजय आला. ऑलिम्पिक तोंडावर असताना डाउनहिलच्या गुणतक्त्यात ती आघाडीवर होती.

कोर्टिनाचा प्रश्न

३० जानेवारी २०२६ रोजी स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथे ती पडली आणि डाव्या गुडघ्याचा पुढचा आडवा अस्थिबंध तुटला. पट्ट्याचा आधार घेऊन तिने कोर्टिनाच्या सराव फेऱ्या पूर्ण केल्या. मांडीचे स्नायू बळकट असतील तर या अस्थिबंधाविना काही काळ निभावता येते, हे वैद्यकीयदृष्ट्या अशक्य नाही. ते सुरक्षित मात्र म्हणता येत नाही.

त्या दिवशीच्या अपघाताचे कारण गुडघा नव्हता, मार्गरेषा काही इंच अधिक आत गेली आणि हात गेटमध्ये अडकला, असे तिने नंतर स्पष्ट केले. निर्णयाचा पश्चात्ताप नसल्याचेही सांगितले. तिचे म्हणणे मान्य केले तरी एक शंका उरतेच. पडण्याचे कारण काहीही असो, पडल्यानंतर दुबळा गुडघा पायाचे किती रक्षण करू शकतो?

मात्र त्या शर्यतीचा निकालही पाहायला हवा. सुवर्णपदक मिळाले अमेरिकेच्याच ब्रीझी जॉन्सनला. याच उतारावरील दुखापतीमुळे तिचे २०२२ चे बीजिंग ऑलिम्पिक हुकले होते. कांस्यपदक इटलीच्या सोफिया गोज्जाला. तीही जानेवारी २०२२ मध्ये कोर्टिना येथेच कोसळून जखमी झाली होती आणि २३ दिवसांनी बीजिंगमध्ये रौप्यपदक घेऊन आली होती. त्यावेळी तिच्या या निर्णयाला कोणी दुराग्रह म्हटले नाही. डाउनहिलच्या विजयमंचावर उभी राहणारी जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी हाच जुगार खेळलेली असते. ज्यांचा डाव साधला त्या वीरांगना ठरतात, ज्यांचा फसला त्यांच्या विवेकावर शंका घेतली जाते.

व्हॉनचा डाव २००६ मध्ये, २०१० मध्ये आणि २०१७ मध्ये साधला, २०१३ मध्ये आणि २०२६ मध्ये फसला. प्रत्येक वेळी निर्णय घेणारी व्यक्ती तीच होती आणि निकषही तोच होता. विजयाच्या दिवशी या वृत्तीचे कौतुक करायचे आणि अपघाताच्या दिवशी तिलाच दोष द्यायचा, हे न्यायाचे नाही. ४५ डाउनहिल विजय आणि तेरा सेकंदांचा तो अपघात, दोहोंचा उगम एकाच ठिकाणी आहे. ज्यांना पहिल्याचा अभिमान वाटतो, त्यांनी दुसऱ्याकडेही तितक्याच समजुतीने पाहायला हवे.